सवलत नेमकी कशातून कापली?

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की एक वाद ठरल्यासारखा पेटतो. एका बाजूला ऑफर पाठवणारे असतात. अमुक शिखर पाच दिवसांत, तमुक नदीत राफ्टिंग, ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत चालत, आणि आज रात्री बारापर्यंतच चाळीस टक्के सूट. दुसऱ्या बाजूला त्याच ऑफरखाली गर्दीचा फोटो चिकटवणारे. २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या माथ्याखालच्या धारेवर लागलेल्या रांगेचा फोटो यांच्या विशेष आवडीचा. एकाच दोराला अडकलेली रंगीत जाकिटांची माळ, आणि खाली एक वाक्य: स्वस्त तिकिटांनी जगाची वाट लावली. मग पहिली बाजू विचारते, जग काय तुमच्या तीर्थरूपांनी विकत घेऊन ठेवलंय का? इथून पुढे वाद कुठे जातो ते सांगायला नको.

गंमत अशी की पुरावा म्हणून आणलेला तो फोटोच उलटी साक्ष देतो. त्या हंगामात नेपाळने एव्हरेस्टसाठी ३८१ परवाने दिले होते आणि परदेशी गिर्यारोहकाच्या एका परवान्याचे शुल्क ११,००० डॉलर होते. बाकीचा खर्च त्याच्या कितीतरी पट. म्हणजे त्या रांगेतला एकही पाहुणा स्वस्तात आलेला नव्हता. तरीही रांग लागलीच आणि त्या मोसमात डोंगरावर अकरा माणसे मेली.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. प्रवास स्वस्त झाला हा दोष नाही, आणि तो महाग करणे हा उपाय नाही. दोष हा की सवलत कशातून कापली ते ऑफरवर कधीच लिहिलेले नसते. समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात सूट मिळाली तर फार तर खोलीची खिडकी भिंतीकडे उघडते. साहसी सहलीत तसे होत नाही. तिथे कापण्यासारख्या गोष्टी मुळातच थोड्या असतात, आणि त्यातल्या दोन गिऱ्हाइकाला दिसतच नाहीत: धोका टाळण्यासाठी हाताशी ठेवलेला वेळ आणि सगळ्यात खालच्या माणसाची मजुरी. आपण भांडतो कोणी प्रवास करावा यावर. भांडायला हवे किंमत कुठल्या पातळीखाली जाऊ द्यायची नाही यावर.

‘स्वस्तवाल्यांनी जग बिघडवले’ ही तक्रार नवी नाही, आणि तिचा इतिहास फारसा शोभादायक नाही. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे पाचशे माणसे रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. आजच्या पॅकेज टूरचे मूळ बहुतेक जण तिथेच दाखवतात. तीनच वर्षांनी कवी वर्डस्वर्थ इंग्लंडच्याच लेक डिस्ट्रिक्ट या तळ्या-डोंगरांच्या प्रदेशात येऊ घातलेल्या रेल्वेविरुद्ध वर्तमानपत्राला पत्रे लिहीत होता. कारखान्यातले मजूर झुंडीने आले तर त्यांना या निसर्गाची चव कळणार कशी, असा त्याचा एकूण सूर. याच माणसाने त्या प्रदेशाची प्रवाशांसाठीची मार्गदर्शिका स्वतः लिहिली होती, हे जाता जाता सांगायला हवे. १९३६ मध्ये फ्रान्सने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, लिओ लाग्रांज या मंत्र्याने रेल्वेभाड्यात चाळीस टक्के सूट मिळवून दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहणारी कुटुंबे किनाऱ्यावर उतरली. तेव्हा तिथल्या जुन्या सुखवस्तू पाहुण्यांनी नाक मुरडले. ‘पगारी रजावाले’ हा शब्दच शिवीसारखा वापरात आला. प्रत्येक पिढीत आपल्यानंतर आलेला तो गर्दी. आपण मात्र प्रवासी.

पण समोरच्याला ढुढ्ढाचार्य ठरवले म्हणून त्याचा मुद्दा खोडला जात नाही. गर्दीने होणारे नुकसान खरे आहे. थायलंडमधला माया बे हा किनारा २०१८ मध्ये बंद करावा लागला, कारण रोजच्या होड्यांनी आणि हजारो पायांनी तिथले प्रवाळ मारून टाकले होते. तो पुन्हा उघडायला २०२२ चा जानेवारी उजाडला. फिलिपिन्सने बोराकाय हे अख्खे बेट २०१८ मध्ये सहा महिने बंद ठेवले. सांडपाणी थेट समुद्रात जात होते. हे सगळे काही श्रीमंतांच्या कल्पनेतले नाही.

आणि प्रवास महाग करण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा रवांडात आहे. तिथे डोंगरी गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ मध्ये ७५० डॉलरवरून एकदम १,५०० डॉलरवर नेला. त्याच वेळी उद्यानाच्या उत्पन्नातला आसपासच्या गावांचा वाटा पाच टक्क्यांवरून दहा टक्के केला. गोरिलांची संख्या वाढते आहे. मग महाग करणे चालते की! इथे थांबून नीट पाहायला हवे. गोरिलांच्या एका कळपाला दिवसाला जास्तीत जास्त आठ माणसे भेटतात आणि तीही एकच तास, मग उरलेला दिवस त्यांचा. हा नियम दर दुप्पट होण्याच्या कितीतरी आधीपासून होता. गोरिलाला वाचवतो तो आठचा आकडा. १,५०० चा आकडा ठरवतो ते एवढेच की त्या आठांत कोण असेल आणि तिजोरीत किती पडेल. तिजोरी भरणे गैर नाही. गावांना वाटा मिळतो हे तर उत्तमच. पण दोन वेगळ्या आकड्यांचे श्रेय एकालाच देऊ नये.

भूतानचे उदाहरणही नेहमी अर्धेच सांगतात. २०२२ मध्ये त्यांनी पर्यटकाकडून घ्यायचे रोजचे शुल्क ६५ वरून २०० डॉलर केले आणि वर्षभरातच ते १०० वर आणावे लागले. किंमत अशी वर-खाली होते. मात्र भूतानने १९९४ मध्ये सहा हजार मीटरवरची शिखरे आणि २००३ मध्ये गिर्यारोहणच पूर्ण बंद केले, तो निर्णय जागचा हललेला नाही. तिथल्या ७,५७० मीटरच्या गांखर पुएन्सुम शिखरावर आजवर कोणी पाय ठेवलेला नाही. कितीही पैसे मोजले तरी ठेवता येत नाही.

उलट नुसत्या किमतीच्या भरवशावर राहिले तर काय होते? अंटार्क्टिकाची सहल चांगलीच महाग, तरी तिथे जाणाऱ्यांची संख्या अलीकडे एका हंगामात लाखाच्या वर गेली. तिथला किनारा आजही शाबूत राहतो तो एका वेळी शंभरांपेक्षा जास्त माणसे उतरवायची नाहीत आणि पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाने कोणालाच उतरवायचे नाही, या नियमामुळे. राहिली सुरक्षितता. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली ‘टायटन’ ही पाणबुडी आतल्या पाच जणांसह चिरडली गेली. जागेचा दर होता अडीच लाख डॉलर. जहाजांची तपासणी करणाऱ्या कुठल्याही मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र तिला नव्हते. जास्त पैसे देणाऱ्याला जास्त सांभाळले जाते, हा समज त्या पाच जणांबरोबर तळाला जायला हवा होता. एप्रिल २०१४ मध्ये एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात, म्हणजे हिमनदीच्या तुटक्या उतारावर, बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार मेले, तेव्हा सरकारने त्यांच्या घरच्यांना सुरुवातीला देऊ केले ४०,००० नेपाळी रुपये. जगातल्या सगळ्यात महाग डोंगरावर वरून ओतलेला पैसा खाली किती झिरपतो याचे याहून स्वच्छ मोजमाप मला माहीत नाही.

आता स्वस्त सौद्याच्या पोटात शिरू. टांझानियातला किलिमांजारो घ्या, उंची ५,८९५ मीटर. मरांगू वाटेवर पहिला मुक्काम २,७२० मीटरवर, दुसरा ३,७२० वर, तिसरा ४,७२० वर, आणि तिथून मध्यरात्री उठून माथा. उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचावू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. इथे रोज हजार मीटर चढतात. म्हणून शहाणी सहल मधल्या मुक्कामावर एक रात्र जास्त काढते. आता विकणाऱ्याच्या जागी बसून पाहा. उद्यानाचे शुल्क दर दिवसाचे, झोपडीचे दर रात्रीचे, वर कर. मिळून रोजचे शंभर डॉलरच्या वर. यात तो एक सेंटही कमी करू शकत नाही, कारण ते सरकारात भरायचे असतात. मग चाळीस टक्के येणार कुठून? ती विश्रांतीची रात्र उडवली की शुल्क, जेवण, मजुरी सगळेच एका दिवसाने उतरते. जाहिरातीत मात्र हा ‘पाच दिवसांत शिखर’ असा पराक्रम होतो. रात्र कापल्यावरही पुरेसे सुटले नाही तर पाळी ओझी वाहणाऱ्या पोर्टरची. चारऐवजी तीन पोर्टर घ्यायचे. किलिमांजारोवर आणि पेरूतल्या इंका ट्रेल या डोंगरवाटेवर पाठीवरच्या ओझ्याला वीस किलोची मर्यादा आहे, चौकीवर काट्याला लटकवून बोचकी तोललीही जातात. पण काटा चौकीवर असतो आणि डोंगर चौकीच्या पुढे.

मी स्वतः अशी एक सहल घेतली होती, घासाघीस करून, आणि त्याचा अभिमानही बाळगला होता. तिसऱ्या रात्री जेवण झाल्यावर आम्ही सहा जण जेवणाच्या तंबूत पत्ते खेळत बसलो. बाहेर गोठवणारी थंडी, आत स्टोव्हची ऊब. दहाच्या सुमारास मी लघवीला बाहेर पडलो तर तंबूच्या आडोशाला पाच-सहा जण काखेत हात घालून उभे. मला वाटले काही काम असेल. दिवसभर माझी बॅग वाहणाऱ्या पोराला विचारले तर तो ओशाळून हसला. तो जेवणाचा तंबूच त्यांची झोपायची जागा होती. आमचा डाव संपायची ते दीड तास वाट पाहत होते. माझ्या सवलतीतला एक तुकडा तो होता: एक तंबू. ऑफरच्या ‘समाविष्ट’ आणि ‘समाविष्ट नाही’ या दोन्ही याद्या मी परत येऊन वाचल्या. पोर्टर कुठे झोपतील याची ओळ कुठल्याच यादीत नव्हती. डाव मी जिंकत होतो, हेही आठवते.

याहून काळी बाजू नेपाळमध्ये २०१८ साली सरकारी चौकशीत बाहेर आली. काही ट्रेक खर्चापेक्षाही कमी भावात विकले जात. तोटा भरून निघे तो हेलिकॉप्टरमधून. पाहुण्याचे डोके जरा दुखले की घाबरवायचे, हेलिकॉप्टर मागवायचे, विमा कंपनीला फुगवलेले बिल लावायचे आणि दलाली वाटून घ्यायची. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. पाहुण्याला वाटते आपण आवळा स्वस्तात मिळवला.

इथे सगळ्यात गंभीर आक्षेप येतो आणि तो स्वस्त-महागच्या पलीकडचा आहे. साहस म्हणजे जोखीम. सज्ञान माणसाने समजून उमजून पत्करली तर तुम्ही मधे पडणारे कोण? १८६५ मध्ये आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखराच्या पहिल्या चढाईनंतर उतरताना सातांपैकी चौघे कोसळले तेव्हा किती गहजब झाला, आणि पुढे १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या पंतप्रधानांकडे विचारणा केली की या प्रकाराला आळा घालता येईल का. घातला नाही, ते बरेच झाले. स्वतःच्या दोरावर स्वतःच्या हिमतीने जाणाऱ्याला कोणी अडवू नये, हे मला पूर्ण मान्य आहे.

फक्त ऑफर घेणारा त्या जातीचा नसतो. तो जोखीम पत्करत नाही. जोखमीचा देखावा विकत घेतो, आणि खरी जोखीम दुसऱ्या कोणीतरी सांभाळली आहे असे गृहीत धरतो. त्यात गैर काही नाही, सेवा विकत घेणे म्हणजे तेच. पण मग ‘त्याने समजून पत्करली’ हे म्हणता येत नाही. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाखच्या घळीत पर्यटकांचे तांडे कॅनियनिंगसाठी, म्हणजे ओढ्याच्या पात्रातून घळ उतरत जाण्यासाठी, उतरले. वरच्या अंगाला वादळी पाऊस झाला, पाण्याचा लोंढा आला आणि एकवीस जण मेले, त्यातले तिघे गाइड. वरच्या ढगांचा अर्थ त्या पाहुण्यांना कळायला हवा होता का? न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ रोजी ज्वालामुखी उसळला तेव्हा ४७ माणसे बेटावर होती, त्यातली २२ मेली. अनेक जण क्रूझ जहाजावरून दिवसाची सहल म्हणून आलेले. धोक्याची पातळी तीन आठवडे आधीच वाढवली होती. ती नोंद उघड होती, पण सहल घेणारा भूकंपमापकांच्या नोंदी वाचून बुकिंग करत नाही.

शिवाय प्रत्येक पाहुण्यामागे अशी माणसे असतात ज्यांनी साहस निवडलेले नसते, नोकरी निवडलेली असते. १८२० मध्ये डॉ. हामेल नावाचे गृहस्थ आल्प्समधले माँ ब्लाँ शिखर चढायला निघाले. हवा पाहून वाटाडे नाखूश होते. तरी चढाई पुढे रेटली गेली. हिमकडा सुटला आणि तीन वाटाडे भेगेत गाडले गेले. दुसऱ्याच वर्षी पायथ्याच्या शामोनी गावच्या वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. पाळीपाळीने काम, ठरलेले दर, आणि मेलेल्याच्या घरच्यांसाठी एक निधी. पुढे इंग्रज गिर्यारोहक या नियमांवर करवादले, कारण त्यांना आपल्या पसंतीचा वाटाड्या निवडता येईना. त्या तिघांचे अवशेष १८६१ मध्ये हिमनदीच्या पायथ्याशी वितळून बाहेर आले, एक्केचाळीस वर्षांनी. संघटना आजही आहे.

या सगळ्या प्रश्नाला सगळ्यात जवळची तुलना मला डोंगरावर नाही, समुद्रावर सापडते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश जहाजमालक माल खच्चून भरत. जहाज पोचले तर नफा, बुडाले तर विमा. खलाशी बुडत ते फुकट. सॅम्युअल प्लिमसॉल हा खासदार याविरुद्ध उठला तेव्हा मालकांचे उत्तर ओळखीचे होते: नियम आणाल तर वाहतूक महागेल, गरिबाचे धान्य महागेल. प्लिमसॉलने वाहतूक महाग करा असे म्हटलेच नाही. जहाजाच्या बाजूवर एक रेषा मारा, ती पाण्याखाली गेली की भरणे बंद, एवढेच त्याचे मागणे. १८७६ मध्ये कायदा झाला, पण रेषा कुठे मारायची ते मालकावर सोडले. एका कप्तानाने ती धुराड्यावर रंगवली असे सांगतात. रेषेची जागा ठरवण्याचा अधिकार मालकाकडून काढून घ्यायला १८९० चे दशक उजाडले. आजच्या ‘आम्ही जबाबदार पर्यटनाला बांधील आहोत’ छापाच्या घोषणा मला त्या धुराड्यावरच्या रेषेसारख्या दिसतात.

रेषा नीट जागी मारली की काय होते याचीही उदाहरणे आहेत. पेरूतल्या इंका ट्रेलवर पोर्टर आणि गाइड धरून दिवसाला पाचशे माणसे, परवानाधारक आयोजकाशिवाय प्रवेश नाही, आणि दर फेब्रुवारीत वाट बंद. २००१ मध्ये तर पोर्टरांसाठी स्वतंत्र कायदाच केला. ब्रिटनमध्ये विमानाच्या पॅकेजवर दर माणशी अडीच पौंड एका निधीत जातात. थॉमस कुकचीच कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना सरकारी यंत्रणेने घरी आणले, आणि या निधीचा उपयोग तेव्हा झाला. अडीच पौंडांनी कुणाची सुट्टी बुडाल्याचे ऐकिवात नाही. मुख्य म्हणजे ते सगळ्यांनाच भरावे लागतात, त्यामुळे ते टाळून स्वस्त होण्याची स्पर्धाच उरत नाही. प्रामाणिक आयोजकाला अशी रेषा हवीच असते. रेषा नसेल तर विश्रांतीची रात्र ठेवणारा तोच महाग दिसतो आणि तोच बाजारातून उठतो.

आणि संख्या मर्यादित ठेवायची तर आत कोणाला सोडायचे? बोली लावा, हे एकच उत्तर नाही. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात हाफ डोम या कड्यावर चढण्यासाठी लावलेल्या तारांवर दिवसाला साधारण तीनशे जणांनाच सोडतात आणि ते ठरतात सोडतीने, किरकोळ शुल्कात. खाजगी विमानाने आलेला आणि बसने आलेला एकाच टोपलीतल्या चिठ्ठ्या. मला हे गोरिलाच्या परवान्यापेक्षा कितीतरी सभ्य वाटते.

अशा रेषा मारल्या तर काही ऑफर महागतील, हे खरे आहे. पाच दिवसांचा किलिमांजारो संपेल, आणि ज्याला सहावा दिवस परवडत नाही त्याचा डोंगर हुकेल. हे वाईटच. पण नीट पाहिले तर महागते ते एवढेच साहस, जे दुसऱ्याच्या पाठीवर बसून करायचे असते. स्वतःच्या पाठीवरचे साहस स्वस्तच राहते. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही चालण्याचा आणि तंबू ठोकण्याचा हक्क दिला आहे. घरापासून दीडशे मीटर दूर राहा, ही मुख्य अट. स्पेनमध्ये सान्तियागोच्या यात्रेला पायी जाणारे कित्येक जण महिनाभर आपले ओझे आपण वाहत चालतात, आणि २०२४ मध्ये यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेणारे पाच लाखांच्या जवळपास होते. (तिथेही गर्दी झाली म्हणून कुरकुर सुरू झाली आहेच. वर्डस्वर्थ मरत नाही.) डोंगर स्वस्त हवा, हा हट्ट मी समजू शकतो. दुसऱ्याच्या झोपेवर स्वस्त हवा, हा नाही.

गेल्या हंगामात मी तीन आयोजकांना एकच पत्र पाठवले. त्यात तीन प्रश्न: उंचीवर जादाची रात्र कुठे आहे, एका पोर्टरकडे किती किलो देता, आणि पोर्टर झोपतात कुठे. एकाने सविस्तर उत्तर दिले. त्याचा दर तिघांत सगळ्यात जास्त होता. दुसऱ्याकडून काहीच आले नाही. तिसऱ्याने प्रश्नांना हात न लावता आणखी दहा टक्के सूट पाठवली, फक्त आज रात्री बारापर्यंत.